व्हाइटरनच्या सराईतली साडिया: तिला केमातूच्या हवाली करावे का?

गोदातीर

‘द एल्डर स्क्रोल्स ५: स्कायरिम’ हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. त्यातल्या ड्रॅगनांवर, यादवीवर आणि तिच्यातल्या उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक या बंडखोर नेत्यावर आजवर भरपूर लिहिले गेले आहे. मला बोलायचे आहे ते व्हाइटरन शहरातल्या ‘बॅनर्ड मेअर’ या सराईत हुल्डाच्या हाताखाली काम करणाऱ्या साडिया या एका दुय्यम पात्राबद्दल, कारण तिच्याविषयीचा निर्णय खेळ पूर्णपणे खेळणाऱ्यावर सोडतो आणि तो बरोबर होता की चूक हे शेवटपर्यंत सांगत नाही.

ज्यांना तो प्रसंग आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हाइटरनच्या वेशीवर हॅमरफेल या शेजारच्या, रेडगार्ड लोकांच्या देशातले दोन अलिकर योद्धे पहारेकऱ्यांशी हुज्जत घालताना दिसतात. हॅमरफेलमधून पळालेल्या एका रेडगार्ड स्त्रीचा ते शोध घेत असतात आणि तिची माहिती देणाऱ्याला सोने द्यायला तयार असतात. ही गोष्ट साडियाच्या कानावर घातली की ती आपल्याला एकांतात नेते, खंजीर उपसते, आणि आपल्यापासून धोका नाही अशी खात्री पटल्यावर आपली हकीकत सांगते. तिचे खरे नाव इमान असून ती सूडा या खानदानी घराण्यातली आहे. अल्डमेरी डोमिनियन या एल्फांच्या सत्तेविरुद्ध ती उघडपणे बोलली म्हणून डोमिनियनने हे मारेकरी तिच्या मागावर धाडले आहेत. त्यांचा म्होरक्या केमातू याला मारले की बाकीचे पांगतील. ड्रॅगनस्रीच या व्हाइटरनच्या राजवाड्याच्या तुरुंगात अडकलेल्या एका अलिकर माणसाचा दंड भरून त्याच्याकडून ठिकाण काढून घेतले की स्विंडलर्स डेन या गुहेच्या शेवटच्या टोकाला केमातू भेटतो, आणि तो अगदी उलट सांगतो. त्याच्या म्हणण्यानुसार हिनेच युद्धात टॅनेथ हे शहर डोमिनियनला विकले, ही फितुरी इतर खानदानी घराण्यांच्या लक्षात आल्यावर ती पळाली, आणि त्याच घराण्यांनी तिला जिवंत परत आणण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवली आहे. यापुढे दोनच वाटा उरतात: केमातूला मारायचे, किंवा साडियाला फसवून शहराबाहेरच्या तबेल्यापाशी न्यायचे, जिथे केमातू मंत्राने तिला जखडून टाकतो.

खेळाडूंमध्ये केमातूवर विश्वास ठेवणाऱ्यांचा आवाज मोठा आहे, असे मला नेहमी जाणवत आले आहे. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे आणि त्याची कारणे मी मांडतो.

पहिले आणि माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम कारण कालगणनेचे आहे. खेळाची कथा चौथ्या युगाच्या २०१ व्या वर्षी घडते. साम्राज्य आणि डोमिनियन यांच्यातल्या महायुद्धाच्या, खेळातच ठिकठिकाणी सापडणाऱ्या संक्षिप्त इतिहासाप्रमाणे डोमिनियनने १७१ मध्ये हॅमरफेलच्या दक्षिण किनाऱ्यावर सैन्य उतरवले, आणि १७२ पर्यंत दक्षिणेकडच्या शहरांपैकी एकटे हेगाथे तग धरून राहिले होते. टॅनेथ हे दक्षिण किनाऱ्यावरचे शहर आहे. म्हणजे ते पडले असेल तर याच एक-दोन वर्षांत, कथेच्या साधारण तीस वर्षे आधी. शहराचे दरवाजे शत्रूला उघडून देण्याइतकी सत्ता ज्या स्त्रीच्या हाती होती, ती त्या वेळी अगदी विशीत होती असे धरले तरी आज तिने पन्नाशी गाठलेली असायला हवी. सराईतली साडिया तशी दिसत नाही. जिच्या चेहऱ्यावर वय दाखवायचे आहे तिच्या चेहऱ्यावर ते दाखवण्याची काळजी याच खेळाने घेतली आहे. महायुद्धाचा काळ पाहिलेली, मुख्य कथेतली डेल्फिन आठवून पाहा.

दुसरे कारण असे की तोच इतिहास किनारपट्टी झपाट्याने का पडली हेही सांगतो: हल्ला अनपेक्षित होता आणि रेडगार्ड सैन्यांत एकी नव्हती, त्यामुळे प्रतिकार विखुरलेला राहिला. एखाद्या शहराच्या पाडावाला फितुरीच कारणीभूत असली पाहिजे अशी गरज त्या वर्णनात कुठेही भासत नाही. केमातू मात्र एका संपूर्ण शहराच्या पराभवाचा भार एका व्यक्तीच्या माथी मारतो.

तिसरे कारण मला सर्वांत साधे वाटते. साडियाने खरोखरच डोमिनियनला एक शहर भेट दिले असते, तर स्कायरिममध्ये आल्यावर तिने सराईत लोकांच्या थाळ्या का उचलल्या असत्या? थॅलमोरचा, म्हणजे डोमिनियनच्या सत्ताधारी गटाचा, दूतावास याच प्रांतात आहे, त्यांचे सैनिक रस्त्यांवरून राजरोस फिरतात, आणि नॉर्थवॉच कीपसारखा त्यांचा स्वतःचा किल्लाही इथे आहे. ज्यांच्यावर उपकार केले त्यांचे दार समोर असताना कोणी खोटे नाव घेऊन परक्या शहरात रोज भीतीत जगत नाही.

आणि केमातूजवळ कागद नाही. घराण्यांचे पत्र नाही, कुणाची मोहर नाही, व्हाइटरनच्या यार्लसाठी, म्हणजे तिथल्या शासकासाठी, विनंतीपत्र नाही. एका माणसाला कायमचे घेऊन जाण्यासाठी तो फक्त स्वतःचा शब्द पुढे करतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो मान्य केला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माळरान

गोदातीर, आपण मुद्दे नीट मांडलेत, पण सर्वांत महत्त्वाचा धागा आपण हातात घेतलाच नाही, आणि तो साडियाच्याच बोलण्यात आहे. पकडली गेले तर मला हॅमरफेलला परत नेऊन ठार मारतील, असे ती आपल्याला सांगते. आता हॅमरफेलची त्या वेळची स्थिती काय आहे ते पाहू. १७५ मध्ये सम्राट टायटस मीड दुसरा याने ‘व्हाइट-गोल्ड’ तहावर सही केली. त्या तहाने दक्षिण हॅमरफेलचा मोठा भाग डोमिनियनला द्यायचा होता. रेडगार्ड लोकांनी हे नाकारले, तेव्हा साम्राज्याने त्यांना वाऱ्यावर सोडले, आणि ते एकटे पाच वर्षे लढत राहिले. शेवटी १८० मध्ये स्ट्रॉस म्काईचा दुसरा तह होऊन डोमिनियनला हॅमरफेलमधून माघार घ्यावी लागली. म्हणजे कथेच्या काळात डोमिनियनचे सैन्य तिथून जाऊन एकवीस वर्षे झाली आहेत. डोमिनियनला साडियाला शिक्षा करायचीच असेल तर तिला अशा देशात नेण्यात काय हशील, जिथे डोमिनियनचे नाव काढले तरी लोक तलवारीला हात घालतील? तिला हॅमरफेलला नेण्यात रस असू शकतो तो फक्त हॅमरफेलच्याच लोकांना.

दुसरे असे की ज्या देशाने डोमिनियनशी स्वतःच्या बळावर लढून त्याला हाकलले, त्या देशात डोमिनियनविरुद्ध जाहीरपणे बोलणे हा कसला अपराध आणि कसले धाडस? तिथे प्रत्येक चौकात तेच बोलले जात असणार. लक्षावधी लोक जे रोज बोलत असतील त्यातून एकट्या साडियाला निवडून, तिच्यामागे परप्रांतात टोळी पाठवण्याइतका खर्च थॅलमोर कशासाठी करेल? ही कहाणी साम्राज्याच्या हद्दीत राहणाऱ्या, डोमिनियनला घाबरणाऱ्या किंवा त्याचा तिरस्कार करणाऱ्या श्रोत्यासाठी बेतलेली आहे. व्हाइटरनमध्ये जो कोणी ती ऐकेल त्याला ती पटकन पटावी अशीच तिची रचना आहे.

थॅलमोर आपली सावजे कशी शोधतो हेही खेळाने दाखवले आहे. दूतावासात उल्फ्रिकवर फाइल आहे, डेल्फिनवर आहे, एस्बर्न या लपून बसलेल्या माणसाच्या शोधाची नोंद आहे. ही कामे ते स्वतःच्या माणसांकडून करवून घेतात, आणि रिफ्टेनमध्ये एस्बर्नच्या मागावर त्यांचेच लोक येतात. साडियाच्या नावाचा कागद मला त्या दूतावासात कुठेही सापडलेला नाही. केमातूकडे कागद नाही हे आपल्याला खटकत असेल, तर दुसऱ्या बाजूचा कागदही नाही याची नोंद तितक्याच ठळकपणे व्हायला हवी.

आता दोघांच्या वागणुकीकडे पाहा. साडियाची मागणी केमातूला ठार मारण्याची आहे. केमातूची मागणी तिला जिवंत नेण्याची आहे, आणि तबेल्यापाशी तो तिला ठार न करता जखडतो, हे आपण डोळ्यांनी पाहतो. गुहेत आपण शस्त्रे घेऊन शिरलेलो असतानाही तो आपल्या माणसांना थांबवतो आणि आधी बोलायला लागतो. रस्त्यात कधी कधी अलिकर योद्धे दुसऱ्याच एका रेडगार्ड स्त्रीला अडवून चौकशी करताना भेटतात, आणि ही ती नव्हे हे कळताच तिला सोडून देतात. पैशासाठी मुंडकी उतरवणारी टोळी इतकी खबरदारी घेत नाही.

दूतावासात आसरा का घेतला नाही, या आपल्या तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर सोपे आहे. फितुराचा उपयोग संपला की त्याला कोणी विचारत नाही. डोमिनियनने टॅनेथ मिळवले आणि नंतर गमावलेही. आता साडिया त्यांच्या कामाची उरलेली नाही, आणि एकदा विकला गेलेला माणूस आपल्या घरात ठेवायला थॅलमोरसारखे संशयी लोक तयार होतील असे मला वाटत नाही.

चित्रलिपी

वयाच्या मुद्द्याबद्दल एवढेच सांगते की चेहऱ्यावरून वर्षे मोजणे या खेळात धोक्याचे आहे. पात्रांचे चेहरे मोजक्या साच्यांतून घडवलेले आहेत, आणि दुय्यम पात्राच्या चेहऱ्यावर किती सुरकुत्या घालायच्या हे ठरवताना कोणी १७१ आणि २०१ यांची वजाबाकी केली असेल असे गृहीत धरता येत नाही. डेल्फिन मुख्य कथेतली आहे, तिच्यावर अधिक मेहनत झालेली असणारच. शिवाय केमातू फितुरीचे नेमके वर्ष सांगत नाही. हॅमरफेलची लढाई १८० पर्यंत चालली. त्या शेवटच्या वर्षांत काही घडले असेल तर साडियाचे वय चाळिशीच्या आसपास येते, आणि ते तिच्या चेहऱ्याशी अगदीच विसंगत म्हणता येणार नाही.

गोदातीर

चित्रलिपी, चेहऱ्याचा पुरावा कच्चा आहे हे मान्य केले, तरी शेवटच्या वर्षांचा तर्क मला टिकणारा वाटत नाही. केमातूचे वाक्य टॅनेथ डोमिनियनशी झालेल्या युद्धात तग धरू शकले असते अशा आशयाचे आहे. जे शहर १७२ मध्ये आधीच शत्रूच्या ताब्यात असलेल्या किनाऱ्यावर आहे, ते १७८ किंवा १७९ मध्ये पुन्हा विकण्यासाठी मधल्या काळात परत मिळवलेले असायला हवे, आणि तशी घटना खेळातल्या कोणत्याही पुस्तकात मी वाचलेली नाही.

माळरान यांचा हॅमरफेलला नेण्याबद्दलचा मुद्दा वजनदार आहे आणि त्याला बगल द्यायची माझी इच्छा नाही. पण डोमिनियनने तिथून सैन्य काढून घेतले म्हणजे तिथला पैसा आणि हेरही काढून घेतले, असे समजायला आधार नाही. तहामुळे उघडपणे काही करता येत नाही, म्हणूनच रेडगार्ड भाडोत्री योद्ध्यांचा आडोसा घेणे त्यांच्या सोयीचे ठरते. जी स्त्री डोमिनियनविरुद्ध बोलली तिला तिच्याच देशात, तिच्याच लोकांच्या हातून, देशद्रोही ठरवून मारले गेले, तर तिच्यामागे बोलायला उभी राहणारी पुढची तोंडे आपोआप बंद होतात. स्कायरिमच्या एखाद्या अंधाऱ्या गल्लीत तिचा खून झाला असता तर हे साधले नसते. जिवंत नेण्याचा आग्रह म्हणजे दयाळूपणा, हे समीकरण मला म्हणून मान्य नाही.

अभंगवाट

मला या दोन्ही बाजूंमधली एक जागा मोकळी दिसते, आणि तिथे आजवर कोणी फारसे थांबलेले नाही. साडिया आपले नाव सांगताना घराण्याचेही नाव सांगते: सूडा. केमातू ज्यांच्या वतीने आला आहे ती इतर घराणी आहेत. म्हणजे हे भांडण एका स्त्रीचे आणि एका टोळीचे नसून खानदानांचे आहे, आणि खानदानांच्या भांडणात आरोप बापावर असतो व शिक्षा मुलीला होते, हे कोणत्याही सरंजामी समाजाचा इतिहास वाचणाऱ्याला नवे नाही.

समजा टॅनेथची फितुरी खरोखर घडली, पण ती साडियाच्या आधीच्या पिढीने केली. १७१ मध्ये सूडा घराण्याच्या कर्त्या माणसाने शहराचा सौदा केला, आणि साडिया त्या वेळी तान्ही होती किंवा जन्मलेलीही नव्हती. पुढे तिला हे कळले असेल वा नसेल. पण घराण्यावरचा डाग पुसण्यासाठी, किंवा प्रामाणिक संतापापोटी, ती डोमिनियनविरुद्ध जाहीरपणे बोलू लागली. त्याच सुमारास जुने कागद बाहेर आले, इतर घराण्यांना सत्य समजले, आणि सूडा घराण्यातली हाती लागण्याजोगी जी व्यक्ती उरली होती तिच्यामागे त्यांनी अलिकर लावले. या मांडणीत गोदातीर यांची कालगणना जुळते, माळरान यांचा हॅमरफेलचा मुद्दा जुळतो, आणि दूतावासाचे कोडेही सुटते: ती थॅलमोरकडे गेली नाही कारण तिचा त्यांच्याशी कधीच संबंध नव्हता. साडिया डोमिनियनचे नाव घेते ते तिला खरे कारण ठाऊक नसल्यामुळे. आपण ज्याच्याविरुद्ध बोललो तोच आपल्यामागे लागला असणार, असे तिला वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

रेडगार्ड समाजात क्राउन आणि फोरबेअर हे दोन जुने तट होते, आणि त्यांच्यातले वैर इतके खोल होते की हेगाथेचा वेढा उठवण्यासाठी सेंटिनेल शहराच्या फोरबेअर सैन्याने क्राउन लोकांच्या मदतीला धावून जाणे, ही त्या युद्धातली एक मोठी घटना ठरली. अशा समाजात १८० नंतर हिशेब चुकते करण्याची लाट आली असणे मला सहज पटते. सूडा घराणे कोणत्या तटातले होते हे खेळ सांगत नाही, पण ज्या घराण्यांनी केमातूला पाठवले ती निःपक्षपाती न्यायाधीश होती असे मानण्याचे कारण नाही.

माळरान

अभंगवाट, आपली मांडणी सुंदर आहे, पण तिच्यासाठी केमातूच्या स्पष्ट आरोपाला बाजूला सारावे लागते. तो घराण्याबद्दल बोलत नाही, तिच्याबद्दल बोलतो: तिने शहर विकले, तिचे कृत्य उघडकीस आले, ती पळाली. पूर्वजांच्या अपराधासाठी हिला नेत आहोत असे सांगितल्याने त्याचे काही बिघडत नव्हते. उलट रक्ताच्या नात्यावर चालणाऱ्या समाजातला माणूस ते अभिमानाने सांगेल.

साडिया अज्ञानातून डोमिनियनचे नाव घेते, हेही मला अवघड वाटते. जी स्त्री खोटे नाव, खोटा व्यवसाय आणि खंजीर घेऊन तयार बसली आहे, म्होरक्याचे नाव जिला माहीत आहे आणि तो गेल्यावर टोळी कशी वागेल याचाही जिला अंदाज आहे, तिला तिच्यावरचा आरोप मात्र माहीत नाही? टॅनेथचा उल्लेख ती एकदाही करत नाही. निरपराध माणूस आपल्यावर खोटा आळ घेतला जातो आहे हे सर्वांत आधी सांगतो. ‘ते लोक तुला सांगतील की मी टॅनेथ विकले, पण ते खोटे आहे’ एवढे एक वाक्य तिने उच्चारले असते, तर मी आज गोदातीर यांच्या बाजूने लिहीत असतो.

सांजवेळ

मी न्यायालयीन कामाशी संबंधित असल्याने या चर्चेकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहते. साडिया खरे बोलते की केमातू, हा प्रश्न आपण सोडवू शकणार नाही, कारण दोघेही आपल्या बाजूचे एकमेव साक्षीदार आहेत. सोडवता येण्याजोगा प्रश्न हा की अशा अनिश्चिततेत आपण काय करावे, आणि त्यासाठी व्हाइटरनच्या यार्ल बालग्रूफचा विचार करावा लागतो, ज्याचे नाव गोदातीर यांनी ओझरते घेऊन सोडून दिले.

एका राज्यातला माणूस दुसऱ्या राज्याला हवा असेल, तर मागणी करणाऱ्याने आश्रय देणाऱ्या सत्तेपुढे अर्ज करायचा असतो, आरोप आणि त्याचा प्रथमदर्शनी पुरावा सादर करायचा असतो, आणि आरोपीला उत्तर देण्याची संधी द्यायची असते. प्रत्यार्पणाची ही किमान रीत आहे, आणि ती केवळ आधुनिक काळाची मिरास नाही. आश्रिताला सोपवावे की नाही हा निर्णय राजाचा असतो, वेशीवर उभ्या असलेल्या शस्त्रधाऱ्याचा नसतो, हे जुन्या राजवटींनाही ठाऊक होते. बालग्रूफ हा यादवीत कुणाचीही बाजू घ्यायला घाई न करणारा, सल्लागारांचे ऐकून घेणारा शासक आहे. थॅलमोरचा तो मित्र नाही. हॅमरफेलच्या घराण्यांची तक्रार खरी असेल तर तिच्यासाठी याहून चांगला श्रोता स्कायरिममध्ये मिळणे कठीण होते.

केमातूने ही वाट घेतली नाही. त्याच्या माणसांनी शहरात इतका उपद्रव केला की एक तुरुंगात पडला आणि बाकीच्यांना वेशीवर अडवले गेले. मग तो लुटारूंच्या गुहेत जाऊन राहिला आणि एका अनोळखी माणसाकरवी कपटाने तिला शहराबाहेर काढण्याचा बेत त्याने रचला. माळरान म्हणतात की तो आधी बोलतो, तलवार नंतर उचलतो. तो आपल्याशी बोलतो, कारण आपला उपयोग आहे. ज्याला खरोखर उत्तर द्यायला हवे होते त्या बालग्रूफशी तो बोललेला नाही. पकडल्या गेलेल्या त्याच्याच सोबत्यालाही त्याने तसेच टाकून दिले, इतके की तो माणूस दंडाच्या रकमेवर सगळ्यांचे ठिकाण सांगून मोकळा होतो. न्यायासाठी निघालेल्या पथकाचे हे वर्तन मला पटत नाही.

साडियाबद्दलही माझी तीच तक्रार आहे, हे इथेच नोंदवते. तिला संरक्षण हवे होते तर तीही यार्लकडे जाऊ शकत होती. त्याऐवजी तिने वाटसरूच्या हातून खून करवून घेण्याचा मार्ग निवडला. तरीही दोघांच्या चुका समान मापाच्या नाहीत. केमातूवर विश्वास ठेवून आपण फसलो, तर एक माणूस आयुष्यातून उठतो आणि त्याला परत आणण्याचा कोणताही उपाय उरत नाही.

माळरान

सांजवेळ, आपला शेवटचा युक्तिवाद दुसऱ्या बाजूलाही तितकाच लागू होतो. साडियावर विश्वास ठेवून आपण फसलो, तर केमातू मेलेला असतो, गुहेतले त्याचे सोबतीही, आणि त्यांनाही परत आणता येत नाही. शिवाय टॅनेथच्या ज्या लोकांनी सर्वस्व गमावले त्यांची बाजू मांडायला निघालेला एकमेव माणूस आपण आपल्याच हाताने संपवलेला असतो. शक्यता मोजायच्याच असतील तर एका बाजूला एक बंदी आणि दुसऱ्या बाजूला अनेक प्रेते, असा हिशेब होतो.

बालग्रूफकडे जाण्याबद्दल म्हणाल, तर व्हाइटरन अजूनही साम्राज्याचा भाग आहे, आणि त्याच साम्राज्याने तहाची अट पाळण्यासाठी हॅमरफेलला सोडून दिले. रेडगार्ड माणसाने साम्राज्याच्या एका यार्लपुढे जाऊन डोमिनियनशी संबंधित खटला उघडावा आणि त्याची बातमी थॅलमोर दूतावासात पोहोचणार नाही अशी आशा धरावी, ही अपेक्षा कागदावर ठीक दिसते. केमातूने गुप्तता का पाळली याचे हे पुरेसे कारण आहे.

सांजवेळ

प्रेतांचा हिशेब मला मान्य आहे, म्हणूनच केमातूला मारण्याचेही मी समर्थन करत नाही. पण गुप्ततेच्या मुद्द्यात एक अडचण आहे. साडिया डोमिनियनची फितूर असेल आणि डोमिनियनने तिला टाकून दिले असेल, जसे आपण स्वतःच वर म्हटले आहे, तर तिच्यावरच्या खटल्याची बातमी थॅलमोरला कळल्याने बिघडते काय? एकतर ती त्यांच्या लेखी निरुपयोगी आहे, आणि मग लपवण्यासारखे काही उरत नाही. किंवा ती अजूनही त्यांच्या कामाची आहे, आणि मग ती सराईत का राबते हा गोदातीर यांचा प्रश्न जिथल्या तिथे उभा राहतो.

कातळशिल्प

माळरान यांच्या एका वाक्यावर मी अडलो: साडिया टॅनेथचे नाव घेत नाही. या मौनाचा अर्थ लावताना आपण हे विसरतो की ही पात्रे जेवढे लिहिले गेले तेवढेच बोलू शकतात. तिने टॅनेथचा आरोप आधीच नाकारला असता, तर गुहेत केमातू तोंड उघडतो त्या क्षणीचा धक्का नाहीसा झाला असता, आणि संपूर्ण प्रसंग त्या धक्क्यावर उभा आहे. लेखनाची गरज म्हणून राहिलेली फट पात्राच्या अपराधाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. याच न्यायाने केमातूजवळ मोहरबंद पत्र नसणे हाही त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही, कारण पत्र असते तर निवड करायला काही उरलेच नसते. गोदातीर आणि माळरान या दोघांनीही आपापल्या बाजूची अशी एक फट वापरली आहे.

मग उरते काय? माझ्या मते कालगणना उरते, कारण महायुद्धाचा इतिहास या प्रसंगापुरता लिहिलेला नाही. आणि १८० नंतरचे स्वतंत्र हॅमरफेल उरते, कारण तेही या प्रसंगाच्या बाहेरचे आहे. एक तथ्य केमातूला अडचणीत आणते, दुसरे साडियाला. या दोन्हींना एकत्र सामावून घेणारी मांडणी इथे फक्त अभंगवाट यांनी केली आहे. तिच्यावरचा माळरान यांचा आक्षेप, म्हणजे केमातू घराण्याचे न बोलता थेट तिच्याबद्दलच बोलतो, हा खरा आहे. पण केमातू स्वतः टॅनेथमध्ये हजर होता असे तो कुठेही म्हणत नाही. त्याला जे सांगून पाठवले तेच तो सांगतो. घराण्यांनी भाडोत्री योद्ध्याला पूर्ण सत्य सांगितले असेल, असे का धरावे?

माळरान

कातळशिल्प, केमातूलाही अर्धेच सत्य माहीत असू शकते ही शक्यता मी इतके दिवस विचारात घेतली नव्हती, आणि ती मला महत्त्वाची वाटते. तरी माझा कल बदलत नाही. अर्धे सत्य घेऊन आलेल्या माणसाच्या हाती तिला सोपवले तर ती हॅमरफेलला पोहोचते, आणि तिथे निदान तिचा गुन्हा कोणता हे तिला तिच्याच देशातल्या लोकांसमोर ऐकवले जाईल. व्हाइटरनमध्ये ठेवले तर टॅनेथचे काय झाले हे कुणालाच कधी कळणार नाही.

गोदातीर

तिथे तिचे ऐकले जाईल याची हमी कोण देतो, इथेच आपला मतभेद आहे आणि तो राहील. केमातू ती हमी देत नाही. परत आणा, एवढेच त्याला सांगितलेले आहे.

आता निर्णयाबद्दल. पुढच्या वेळी हा खेळ सुरू करताना मी हा क्वेस्ट स्विंडलर्स डेनमधल्या संभाषणापर्यंत नेऊन तिथेच थांबवणार आहे. केमातूचे बोलणे ऐकून घेतल्यावर गुहेतून शांतपणे बाहेर पडता येते. त्याला मारावे लागत नाही आणि साडियाला तबेल्यापाशीही न्यावे लागत नाही. यादीत तो अपूर्ण क्वेस्ट शेवटपर्यंत दिसत राहील, आणि सांजवेळ ज्या यार्लबद्दल बोलल्या त्याच्यापर्यंत हे प्रकरण नेण्याची सोय खेळात नाही, म्हणून मला तेवढेच करता येते. ज्यांनी असे अर्धवट ठेवून पुढे बराच काळ खेळ खेळला आहे त्यांनी जरूर लिहावे: अलिकर योद्धे नंतरही रस्त्यांवर स्त्रियांना अडवत राहतात का, आणि साडियाच्या बोलण्यात काही फरक पडतो का?